थांबायला मला सबब हवी होती

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

संकटात सापडलेल्या अनोळखी माणसाला मदत करणं कायद्यानं बंधनकारक करावं का, यावर आपल्या पत्रांच्या सदरात बरेच दिवस मतं येत आहेत. माणुसकी कायद्यानं येत नाही, असं बहुतेकांचं म्हणणं आहे. लिहिणारे शिकले-सवरलेले लोक आहेत, त्यांच्या मताचा मी मान राखतो. पण रात्री अकरा वाजता रक्तानं माखलेल्या माणसाला गाडीत घालून नेलेल्या कोणाचं पत्र मला अजून दिसलं नाही, म्हणून मी लिहायला बसलो. १९९२ पासून मी पुण्यात रिक्षा चालवतो. स्टँड दांडेकर पुलाजवळ, घर दत्तवाडीत. मुद्द्यावर येण्याआधी दोन प्रसंग सांगतो. एकात मी थांबलो होतो, दुसऱ्यात नाही.

२००९ च्या डिसेंबरमध्ये टिळक रोडवर एका टेम्पोनं मोटारसायकलवरच्या पोराला मागून उडवलं आणि टेम्पो निघून गेला. पोरगं एकोणीस-वीस वर्षांचं असेल. भोवती माणसांचं कडं जमलं होतं, पण आत कोणी जात नव्हतं. मी रिक्षा बाजूला घेतली. टपरीवाल्यानं पाय धरले, मी खांदे धरले आणि चादरीची घडी घालावी तसं त्याला वाकवून मागच्या सीटवर घातलं. उचलताना त्यानं माझ्या खाकी शर्टाचा खिसा मुठीत पकडला. सोडेना. मूठ सोडवताना खिशाचं बटण तुटून त्याच्याच हातात राहिलं.

पहिल्या खासगी रुग्णालयात दारातच सांगितलं, ‘पोलीस केस आहे, ससूनला न्या.’ ससूनला नेलं, तिथं त्याला लगेच आत घेतलं. आणणाऱ्याचं नाव म्हणून कागदावर माझं नाव लागलं आणि तिथून माझं सुरू झालं. पहाटे चारपर्यंत चौकीवर बसवून ठेवलं. ‘तूच ठोकलं असशील, नाहीतर एवढी धावपळ कशाला केलीस?’ हा प्रश्न मला तीन जणांनी तीन वेळा विचारला. पंचनामा होईपर्यंत रिक्षा दोन दिवस अडकली. तेव्हा रिक्षा माझी नव्हती, शिफ्टवर चालवत होतो. मालकाला त्या दोन दिवसांचे पैसे मी घरातून दिले. सीटच्या रेक्झिनच्या शिवणीत रक्त गेलं होतं. सोड्यानं धुतलं, डेटॉलनं धुतलं, तरी उन्हात रिक्षा उभी राहिली की वास यायचा. शेवटी सीट बदलली. त्यानंतर तीन वर्षांत कोर्टाच्या पाच तारखा झाल्या. त्यातल्या तीन वेळा नुसती पुढची तारीख घेऊन आलो. तारखेचा दिवस म्हणजे धंद्याचा खाडा.

पोरगा वाचला. त्याचे वडील बार्शीकडचे शेतकरी. महिनाभरानं स्टँड शोधत आले, माझा हात दोन्ही हातांत धरून उभे राहिले. एक शब्द बोलले नाहीत. त्या माणसाचे हात मला आजही आठवतात, आणि चौकीतला लाकडी बाकही आठवतो. बायकोनं खिशाला बटण लावून दिलं. खाकी मिळालं नाही म्हणून पांढरं लावलं, आणि लावता लावता म्हणाली, ‘पुन्हा असल्या भानगडीत पडायचं नाही. आपल्याला दोन पोरी आहेत.’

दुसरा प्रसंग जुलै २०१३ चा, पहाटे सव्वापाचचा. सिंहगड रोडवरून एक भाडं घेऊन पुणे स्टेशनला निघालो होतो. त्यांना मुंबईची सिंहगड एक्स्प्रेस पकडायची होती. पाऊस बारीक, पण लागून होता. राजाराम पुलाच्या अलीकडे दुभाजकाला लागून एक माणूस आडवा पडलेला दिसला. शेजारी सायकल, उलटलेला क्रेट आणि फुटलेल्या दुधाच्या पिशव्या. दिव्याच्या उजेडात पावसाच्या पाण्यात मिसळलेलं दूध रस्त्याच्या उताराला लागून वाहत होतं. माझ्या पुढच्या दोन गाड्या त्या पांढऱ्या ओघळाला वळसा घालून गेल्या. मी ब्रेकवर पाय ठेवला. मागून आवाज आला, ‘अहो, चला, चला. भानगड नको. माझी गाडी चुकेल.’

मी गेलो.

स्टेशनला भाडं सोडून सरळ उलटा आलो. अर्धा तास गेला असेल. तिथं माणूस नव्हता, सायकल नव्हती. दूध होतं, आणि एक चप्पल. कोपऱ्यावरच्या चहावाल्याला विचारलं तर म्हणाला, उचलून नेलं. कोणी नेलं, कुठं नेलं, जिवंत होता का, त्याला काही सांगता आलं नाही. मीही नंतर कुठं चौकशी केली नाही. करायला हवी होती. तेव्हा आपल्याकडे १०८ ची रुग्णवाहिका नव्हती, ती २०१४ मध्ये सुरू झाली. पण १०० नंबर होता, आणि माझ्या खिशात मोबाइल होता. त्याच पांढऱ्या बटणाच्या खिशात.

संपादक महाशय, ब्रेकवर पाय ठेवला त्या क्षणाबद्दल मला बोलायचं आहे. माणुसकी कायद्यानं येत नाही हे खरं. पण माझ्या पायात ती आलेली होती, पाय ब्रेकवर होता. ती माघारी कशानं गेली? मागच्या सीटवरच्या माणसाला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ‘साहेब, थांबावंच लागतं, कायदा आहे, नाहीतर माझं परमिट जाईल,’ एवढं एक वाक्य मला तोंडात हवं होतं. ते असतं तर मी थांबलो असतो, भाडं कुरकुरलं असतं आणि कदाचित त्यालाही आतून बरं वाटलं असतं. तो माणूसही राक्षस नव्हता. खाली उतरताना त्यानं मला विचारलं, ‘तो पडलेला माणूस दारू प्यायलेला असेल, नाही का?’ दूध घालणारा माणूस पहाटे पाच वाजता दारू पितो का? पण त्याला तसं मानायचं होतं, आणि मलाही.

ज्याच्या मनात दया नाही त्याच्या मनात कायदा ती घालू शकणार नाही, हे मला मान्य आहे. मी कायदा मागतो तो ज्याच्या मनात आहे पण ज्याला कोणीतरी मागं ओढतं त्याच्यासाठी. कोणाला बायको ओढते, कोणाला शिफ्टचा मालक, कोणाला ऑफिसची वेळ, कोणाला मागच्या वेळचा चौकीतला बाक. अशांना थांबायला सबब लागते. चांगलं काम करायलाही माणसाला सबब लागते, हे मी रस्त्यावर पुष्कळ वेळा बघितलं आहे.

पुण्याची माणसं दगडाच्या काळजाची झाली, असं एका पत्रात वाचलं. मला ते पटत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला पाण्याचा लोंढा आला तेव्हा मी घरीच होतो. आमच्या भागात पाणी दहा-पंधरा मिनिटांत कमरेवर चढलं. त्या रात्री ज्यांनी एकमेकांची तोंडं कधी पाहिली नव्हती अशांनी एकमेकांची पोरं डोक्यावर घेतली. आमच्या पुढच्या गल्लीतल्या एका बाईनं दोन साड्यांना गाठ मारून खिडकीतून सोडल्या आणि दोन माणसं वर घेतली. कोणी कोणाची जात, पत्ता, कागद विचारला नाही. आता याच लोकांतले कितीतरी जण दुसऱ्या दिवशी रस्त्यावर पडलेल्याला वळसा घालून गेले असते. माणसं तीच. फरक एवढाच की ओढ्याच्या पुरात ‘तूच ठोकलं असशील’ म्हणणारं कोणी नव्हतं.

त्या भीतीवर औषध निघालं आहे, हे मला बरंच उशिरा कळलं. माझी धाकटी मुलगी वकिलीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तिनं सांगितलं. केंद्र सरकारनं मे २०१५ मध्ये मदत करणाऱ्यांच्या संरक्षणासाठी सूचना काढल्या. ३० मार्च २०१६ ला सर्वोच्च न्यायालयानं त्यांना कायद्याचं बळ दिलं. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं आणि पुढच्या वर्षी त्याचे नियम. अपघातग्रस्ताला चांगल्या हेतूनं मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. त्याच्यावर नाव, पत्ता, फोन सांगायची सक्ती करता येत नाही. तो स्वतःहून साक्षीदार व्हायला तयार असला तरच त्याला विचारायचं, आणि तेही त्याच्या सोयीच्या वेळी, सोयीच्या जागी. घरी येऊन विचारायचं तर पोलिसानं साध्या कपड्यात यायचं. हे हक्क लिहिलेला फलक प्रत्येक सरकारी आणि खासगी रुग्णालयानं दर्शनी भागात लावायचा, तोही मराठीतून. रुग्णालयानं ‘आधी पोलीस, मग उपचार’ म्हणायचं नाही, हे तर सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच सांगून ठेवलं आहे. म्हणजे मला २००९ मध्ये ज्या दारातून परत पाठवलं, ते दार कायद्यानं तेव्हाही उघडंच असायला हवं होतं.

मुलगी हे वाचून दाखवत होती तेव्हा मी जेवत होतो. मला पुढचा घास गेला नाही.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर विचारलं. आम्ही चौदा जण आहोत. दोघांना थोडंफार माहीत होतं, त्यातल्या एकाला फक्त बक्षीस माहीत होतं. २०२१ मध्ये पाच हजारांचं बक्षीस सुरू झालं आणि २०२५ मध्ये ते पंचवीस हजार झालं. चांगली गोष्ट आहे, पण त्या चौदांपैकी एकानंही ‘पैसे मिळतील म्हणून थांबेन’ असं म्हटलं नाही. सगळ्यांचा प्रश्न एकच, ‘धंद्याचा खाडा होणार नाही ना?’ तो होणार नाही असं कायदा म्हणतो. हे दहा वर्षांत त्यांच्यापर्यंत पोचलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. आणखी एक उणीव आहे. हे संरक्षण मोटारगाडीच्या अपघातापुरतं आहे. मंडईत कोणाला हार्ट अटॅक आला, कोणी कालव्यात पडलं, कोणावर हल्ला झाला, तर त्या मदतनीसाला हे कलम लागू नाही.

आणि हे सगळं ‘मदत केलीत तर’ पुरतं आहे. मदत केलीच पाहिजे, असं आपला कायदा सर्वसाधारण माणसाला सांगत नाही. अपघात ज्याच्या गाडीनं झाला त्या ड्रायव्हरवर जखमीला उपचार मिळवून देण्याचं बंधन आहे. वाटेनं जाणाऱ्यावर नाही. याची मुळं कुठं आहेत तेही मुलीनं दाखवलं. इंग्रजांच्या राज्यात मेकॉलेनं १८३७ मध्ये भारतीय दंडसंहितेचा मसुदा केला, त्याच्या टिपणांत एक उदाहरण आहे. नदीला पूर आला आहे, उतरून जाता येणार नाही. हे ठाऊक असलेला माणूस वाटसरूला सांगत नाही आणि वाटसरू बुडून मरतो. सावध करण्यासाठी नेमलेला सरकारी शिपाई मुद्दाम गप्प बसला तर तो खून. पैसे ठरवून घेतलेला वाटाड्या गप्प बसला तरी खून. पण माणुसकीशिवाय ज्याच्यावर त्या वाटसरूचा दुसरा काही हक्क नाही, असा कोणी गप्प बसला तर खून नाही. तीच संहिता १८६० मध्ये झाली. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, पण वाटेवरच्या माणसावर मदतीचं सर्वसाधारण बंधन तिनंही घातलेलं नाही.

हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर भिडे पूल आला. खडकवासल्यातून पाणी सोडलं की तो पूल पाण्याखाली जातो. तशा वेळी नदीपात्रातल्या रस्त्यावर कोणी नवखा गाडी घालायला लागला की काठावरची बाई हातातलं काम टाकून ओरडते, ‘ओ दादा, मागं फिरा, पाणी सोडलंय!’ ती शिपाई नाही आणि वाटाड्या नाही. ती गप्प बसून बघत राहिली आणि तो वाहून गेला, तर ‘तिचा काही गुन्हा नाही’ असं पुण्यातलं कोणी मनापासून म्हणेल का? खून म्हणणार नाही, पण काहीच नाही असंही म्हणणार नाही.

मेकॉलेची शंका मात्र खोटी नव्हती. रेषा कुठं ओढायची, असं तो विचारतो. एखादी शस्त्रक्रिया करू शकणारा हिंदुस्थानातला एकटाच सर्जन कलकत्त्याहून मेरठला गेला नाही, म्हणून रोगी मेला, तर त्या सर्जनला खुनी ठरवायचं का? नाही, हे मलाही कबूल आहे. पण मी कोणाला मेरठला पाठवत नाही. मी स्टिअरिंगवरचा हात खिशातल्या मोबाइलपर्यंत न्यायला सांगतो आहे.

असा कायदा दुसरीकडे आहे. फ्रान्समध्ये स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका नसताना मदत न करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. जर्मनीत एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. तिथं एसेन शहरात २०१६ मध्ये बँकेच्या दर्शनी खोलीत एक म्हातारा कोसळला. गिऱ्हाइकं त्याला ओलांडून पैसे काढून गेली आणि कॅमेऱ्यात सगळं दिसलं. पुढच्या वर्षी त्यातल्या तिघांना कोर्टानं काही हजार युरोंचा दंड केला. तुरुंग नाही, दंड. मला हे माप ठीक वाटतं. अमेरिकेत व्हरमाँट नावाच्या राज्यात १९६७ पासून असा कायदा आहे आणि दंड शंभर डॉलरपर्यंतच आहे. पाच वर्षं कैदेचा कायदा आपल्याकडे आणू नये. इथं तो कोणावर चालेल ते मला ठाऊक आहे. वळसा घालून गेलेल्या पन्नास जणांत नंबर कोणाचा टिपला जाईल? रिक्षावाल्याचा. आमच्या छातीवर बॅच-बिल्ला, गाडीवर परमिट, आम्ही रोज त्याच चौकात उभे. मोठी शिक्षा ठेवली तर लोक थांबणार नाहीत, जास्त जोरात पळतील.

म्हणून मी मागतो ते बंधन लहान आहे. समोर माणूस मरणाच्या दारात दिसतो आहे, तर १०८ ला किंवा ११२ ला फोन करायचा, जागा नीट सांगायची आणि मदत येईपर्यंत किंवा दुसरं कोणी जबाबदारी घेईपर्यंत तिथं थांबायचं. थांबण्यात धोका असेल तर लांबून फोन करून निघून जायचं. रात्री एकट्या बाईनं गाडीतून उतरावं असं मी म्हणणार नाही. उचलायची सक्तीही नको. २००९ मध्ये ससूनच्या डॉक्टरांनी मला एवढंच विचारलं, ‘मान कशी धरली होती?’ मी धरलीच नव्हती. पाठीचा कणा दुखावला असता तर वाचवायला म्हणून मी त्या पोराला जन्माचा पांगळा केला असता. हे तेव्हा मला कोणी शिकवलं नव्हतं. लायसन्स नूतनीकरणाला येणाऱ्या प्रत्येकाला अर्धा तास हे शिकवलं तरी पुष्कळ होईल.

कोयत्यासमोर उभं राहायची सक्ती तर कोणालाच करता येणार नाही. २७ जून २०२३ ला सदाशिव पेठेत एका मुलीच्या मागं कोयता घेऊन लागलेल्याला स्पर्धा परीक्षेच्या पोरांनी धरलं. ती त्यांची हिंमत, ती मागून मिळत नाही. पण ७ जानेवारी २०२५ ला येरवड्यात ऑफिसच्या पार्किंगमध्ये एका तरुणीवर तिच्या सहकाऱ्यानं धारदार हत्यारानं वार केले, तेव्हा भोवती माणसं उभी होती आणि व्हिडिओ निघत होता. तो व्हिडिओ माझ्याही मोबाइलवर आला होता. मी पुरता बघू शकलो नाही. त्या उभ्या माणसांना मी नावं ठेवत नाही, राजाराम पुलाजवळ मी काय केलं ते वर लिहिलं आहे. पण व्हिडिओ काढणारा मोबाइल ११२ ला लागतो. एवढी सक्ती हवी.

आणखी एक भीती आहे. ती आम्हा चालकांची आहे. थांबलं की ‘हाच तो’ म्हणून पब्लिक मारतं. जानेवारी २०२४ मध्ये पळून जाणाऱ्या ड्रायव्हरला दहा वर्षं कैदेच्या कलमावरून ट्रकवाल्यांनी चक्का जाम केला, तेव्हा त्यांचंही हेच म्हणणं होतं. कलम थांबवलं गेलं, भीती आहे तिथंच आहे. थांबणाऱ्यावर हात टाकणाऱ्याला आधी शिक्षा होताना दिसली पाहिजे. ते झालं नाही तर थांबण्याचा कायदा आमच्या अंगावर येईल.

कायदा करायचा तो दिल्ली-मुंबईत होईल, त्याला वेळ लागेल. आपल्या वर्तमानपत्राला माझी विनंती वेगळी आहे. १३४-अ आणि त्याच्या नियमांतल्या सात-आठ ओळी सोप्या मराठीत चौकटीत छापा, एकदा नाही, दर महिन्याला. स्टँडवर पेपर येतोच, कापून लावता येईल.

रिक्षा आता माझी स्वतःची आहे. दोन महिन्यांपूर्वी मुलीकडून एक कागद टाइप करून घेतला, लॅमिनेशन केलं आणि मीटरच्या खाली, भाड्याला दिसेल असा लावला: ‘रस्त्यात कोणी जखमी पडलेलं दिसलं तर ही रिक्षा थांबेल. फार घाई असेल त्यांनी कृपया दुसरी रिक्षा करावी.’ आतापर्यंत एकच जण ते वाचून उतरला, पर्वती पायथ्याला. शनिवारी एक आजी बसल्या, त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि स्वारगेटपर्यंत दोन्ही बाजूंना रस्ता बघत आल्या. स्टँडवरच्या चौदापैकी पाच जणांनी झेरॉक्स नेली आहे.

आपला,
दत्तवाडीतील एक रिक्षाचालक
(नाव व पत्ता प्रसिद्धीसाठी नाही)